सिकंदराची मूठ

२२ जून २०२५, रविवार

डायरी लिहिणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत आलो. आता अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच लिहायला बसलोय. घ्या! माझ्या मुलीनं, मेघानं, नाशिकहून ही जाड वही पाठवली होती. "बाबा, चित्रं काढत नाही तर निदान लिहा काहीतरी." दीड वर्ष ती कपाटात साबणाच्या वड्यांशेजारी पडून होती.

आज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाला फेरी मारून आलो तर दारात एक मुलगी उभी. नाव मयुरी. मूळ धुळ्याची, पुण्याला एका छोट्या प्रकाशनात काम करते. पायरीवरूनच म्हणाली, "सिकंदरवाले नवल बोरसे तुम्हीच ना, सर?"

सिकंदरवाले! कित्येक वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. आधी चहा सांगू की आधी जुन्या चित्रांची ट्रंक उघडू, हेच मला सुचेना.

मास्तरकी काही जात नाही, म्हणून नीट लिहून ठेवतो. धुळ्याहून 'खोडरबर' नावाचं मुलांचं मासिक निघायचं. १९८४च्या दिवाळीपासून १९८९च्या दिवाळीपर्यंत त्याच्या दर दिवाळी आणि उन्हाळी अंकात आमची चित्रकथा यायची, 'सिकंदर'. इतिहासाच्या पुस्तकातला सिकंदर बत्तिसाव्या वर्षी बॅबिलोनमध्ये मेला. आमचा मरत नाही. परग्रहावरचे लोक त्याला झोपेतच उचलून नेतात आणि सन तीन हजारात जागा करतात. मग काय, जित्याची खोड! गडी एकेक ग्रह जिंकत सुटतो. अकरा भाग, एकोणीस ग्रह.

मयुरीला ते अकराही भाग एका पुस्तकात छापायचेत. मला तर आकाश ठेंगणं झालं. तेवढ्यात तिनं १९९०चं आमचं जुनं संकलन पिशवीतून काढलं. मुखपृष्ठावर माझं नाव. आत बारीक अक्षरात 'कथासहाय्य: अभिमन बोरसे'.

"हे कोण, सर?"

"धाकटा भाऊ. धुळ्याला असतो."

"मग त्यांचीही सही लागेल. त्याशिवाय आम्ही छापू शकत नाही. पंधरा ऑगस्टच्या आत मिळेल ना?"

"न मिळायला काय झालं? घरचाच माणूस," मी म्हणालो. स्वयंपाकघरात बायकोनं, पुष्पानं, पातेलं ओट्यावर आपटलं. अभिमनशी मी पस्तीस वर्षं बोललेलो नाही.


२४ जून, मंगळवार

दोन दिवस ट्रंक उघडून बसलोय. पुष्पा म्हणते, जेवायला तरी उठा, सिकंदरसुद्धा जेवत असेल.

काय दिवस होते! सिकंदराच्या शिरस्त्राणासाठी मी एका बॅण्डवाल्याची टोपी आणून समोर ठेवली होती. त्याचं यान म्हणजे पुष्पाचा प्रेशर कुकर, शिट्टीसकट. चेहऱ्याला कोण बसणार? म्हणून आरसा लावला आणि माझंच नाक, माझीच हनुवटी काढली. परवडणारा दुसरा मॉडेल नव्हता.

पहिल्या भागात यान उतरतं ते फैजपूरला केळीच्या बागेत. माझी पहिली नोकरी फैजपूरला झाली, केळीचं पान मी डोळे मिटून काढायचो. बागेत एक म्हातारी असते. ती कमरेवर हात ठेवून आमच्या अहिराणी बोलीत विचारते, "तू कोना शे रे?"

"मी सिकंदर. बठ्ठी दुनिया मन्ही शे."

"मंग मन्ही केळी कसाले तुडावस?"

सगळी दुनिया माझी म्हणणाऱ्या राजाला ती विचारते, मग माझी केळी का तुडवतोस? ह्या एका चौकटीवर पोरं खुळावली होती. एका वाचकानं पत्र पाठवलं, ग्रीक राजा अहिराणी कसा बोलतो? अभिमननं अंकात उत्तर छापलं, 'सन तीन हजारमा बठ्ठे अहिराणीच बोलतीन.' लेकाचं डोकं होतं, ते नाकारत नाही.

आमची कामाची पद्धत अशी. अभिमन धुळ्याहून गोष्ट लिहायचा, चौकट एक, चौकट दोन अशी. पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती जळगावला यायचं. मी चित्रं काढायचो, बोलायचे फुगे रिकामे सोडायचो. कागद परत धुळ्याला. मग तो फुग्यांत अक्षरं भरायचा. अक्षर त्याचं, छापल्याहून सुंदर. फक्त एक गोष्ट तो कधी लिहायचा नाही. शेवटची चौकट. तिथं नुसतं असायचं, 'शेवटची चौकट: नाना'. नाना म्हणजे मी. तिथं मला वाटेल ते चित्र काढायचं, बिनशब्दांचं. त्याला शेवट सुचायचाच नाही. अकराच्या अकरा शेवट माझे आहेत, हे मयुरीला सांगायला हवं.


३० जून, सोमवार

भांडणाबद्दल लिहायचं टाळत होतो. लिहितो.

१९९०ला संकलन निघालं. मुखपृष्ठावर एकट्याचं नाव आलं. छापखान्याची घाई, जागा कमी, असं होतं कधीकधी. अभिमन एका शब्दानं बोलला नाही. भांडला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते, मोकळे झालो असतो. हा गप्प. त्याच्या गप्प बसण्याचा मला असा राग आला की त्या श्रावणात मी कानबाईला धुळ्याला गेलोच नाही. जळगावला स्वतःची कानबाई बसवली.

आमच्या खानदेशात ही साधी गोष्ट नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मापायचे. त्या गव्हाच्या पुरणाच्या पोळ्या, त्यांना रोट म्हणतात. रोट फक्त भावकीनं खायचे, परक्याला घास नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. ज्यानं कानबाई वेगळी मांडली त्यानं भावकी तोडली. मी तोडली. हो, मीच. पण का तोडावी लागली, हेही बघायला नको का?

आम्हाला एकटी मेघाच, म्हणून आमच्याकडे माझी एकट्याची मूठ. सव्वा मुठीत होऊन होऊन किती रोट होणार? पण पुष्पाच्या हाताला बरकत आहे. कानबाई बोळवली की मंगळवारी ती धुळ्याला बहिणीकडे जाऊन येते, आणि त्यानंतरही पुनवेपर्यंत रोज माझ्या ताटात रोट असतो. संपता संपत नाहीत. रविवारचे ताजे असतात ते बरे. नंतरच्या शिळ्यांत गूळ फार लागतो. दरवर्षी सांगतो, गूळ कमी घाल. दरवर्षी ही म्हणते, "बरं, सांगते." कोणाला सांगते कोण जाणे, कानबाईला असेल.

दोन वर्षांपूर्वी अभिमनला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. पुष्पानं सांगितलं तेव्हा मी जाणार होतो. बसस्टँडपर्यंत गेलोही. मग वाटलं, ज्याला बोलताच येत नाही त्याच्याशी काय बोलणार? परत आलो. येताना केळी घेऊन आलो म्हणजे पुष्पाला वाटावं बाजारात गेलो होतो.


८ जुलै, मंगळवार

अभिमनला पत्र लिहायला सहा दिवस लागले. पहिल्या मसुद्यात 'प्रिय' लिहिलं, खोडलं. दुसऱ्यात पुस्तकाचं महत्त्व समजावलं, ते वाचून मलाच माझा कंटाळा आला. शेवटी दोन ओळी लिहिल्या. 'सोबत संमतीपत्र आहे. फुलीच्या जागी सही कर.' पुष्पानं वाचलं आणि म्हणाली, "लाइटबिल भरा असं लिहिल्यासारखं झालंय."

"मग काय, ओव्या लिहू?"

"तब्येत कशी आहे एवढं तरी विचारा हो."

तळाला लिहिलं, 'तब्येतीस जपावे.' पाठवून दिलं.

मयुरीचा फोन आला. पोरगी हुशार आहे, पण बोलायला जरा आगाऊ. म्हणे, "सर, सगळे भाग सलग वाचले. सिकंदर पहिल्या भागात मजेशीर आहे, पण नंतर नंतर त्याची कीव येते. चौथ्या भागात त्याचेच हजार सिकंदर तयार होतात आणि खरा मीच म्हणून भांडतात. नवव्या भागात तर तो प्रत्येक ग्रहावर आपलं नाव कोरतो आणि तिथल्या कोणालाच वाचता येत नाही. हे लेखकानं मुद्दाम केलं असेल ना?"

"विनोदासाठी," मी म्हणालो.

"आणि सिकंदर अगदी तुमच्यासारखा दिसतो, सर."

"आरसा लावून काढलाय तर दिसणारच."

तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लेखकाला माहीत होतं का, तुम्ही आरसा लावायचात ते?"

काय प्रश्न आहे! माहीत असणारच. आरसा त्यानंच धुळ्याच्या बाजारातून आणून दिला होता.


१५ जुलै, मंगळवार

उत्तर आलं. सही नाही!

संमतीपत्र कोरं परत आलंय. पाठीमागे एक ओळ आहे. अक्षर पाहून मी चष्मा पुसला. पहिलीतल्या पोरानं डाव्या हातानं लिहावं तसं. जिथं रेघ संपायला हवी तिथून पुढे गेलेली, 'क' उलटा पडलेला. ज्याच्या अक्षरावर मी जळायचो त्याचं हे अक्षर.

'बारावा भाग राहिला. कानबाईला ये.'

मी संध्याकाळभर धुसफुसत होतो. बघा, अट घालतोय! म्हणजे सही हवी तर माझ्या दारात ये, माझी कानबाई भरलेली बघ, भावकी जेवताना तू ओट्यावर बसून राहा. पस्तीस वर्षांचं उट्टं एका दिवसात काढणार. मुका झाला तरी डाव सोडला नाही पठ्ठ्यानं.

पुष्पाला हे सगळं बोलून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "अहो, तो माणूस 'ये' म्हणतोय. त्यात एवढं काय काय कुठून वाचता तुम्ही?"


२० जुलै, रविवार

आज नववा भाग पुन्हा वाचला. सिकंदर तेराव्या ग्रहावर डोंगरावर चढून छिन्नीनं नाव कोरतोय. खाली तिथली मुलं पतंग उडवताहेत. एक मुलगी दुसरीला विचारते, 'तो काय करतोय?' दुसरी म्हणते, 'त्याला भीती वाटतेय.'

हे वाक्य मी १९८८ला वाचलं असणारच. त्याभोवतीचा फुगा मीच काढलाय. पण मला ते आठवत नव्हतं.

एक गोष्ट खरी लिहून टाकतो. ही वही कोण वाचणार आहे? संकलनाचं मुखपृष्ठ छापखान्यानं केलं नव्हतं. मी केलं होतं. जागाही भरपूर होती, सिकंदराच्या मागं सगळं आकाश मोकळं होतं. आधी मी पेन्सिलीनं दोन नावं मांडली होती. मग लांबून बघितलं. एकच नाव जास्त शोभलं. दुसरं खोडरबरानं पुसलं. 'कथासहाय्य' हा शब्दही माझाच, कुठल्या कोशात सापडायचा नाही. आणि नावाची अक्षरं नेहमीसारखी धुळ्याला न पाठवता मीच काढली, वाकडी आली. अकरा भागांत माझ्या हातची अक्षरं तेवढीच.

आपल्याकडे शाळेत सांगतात, सिकंदरानं सांगून ठेवलं होतं की माझे दोन्ही हात तिरडीबाहेर ठेवा, लोकांना कळू दे रिकाम्या हातानं गेला. मी स्वतः ही गोष्ट पोरांना सांगायचो. फळ्यावर हात काढून दाखवायचो, छान काढायचो.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला पाऊण तास लागला.


२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

पुष्पानं ह्या वर्षी कानबाईचे गहू आणले नाहीत. विचारलं तर म्हणाली, "इथं नाही बसवायची. मी धुळ्याला जाणार. तुम्ही यायचं तर या, नाहीतर खिचडी टाकून जाते."

"आणि तिथं मला रोट दिला नाही तर?"

"तर उपाशी राहाल. वजन कमी करायला सांगितलंच आहे डॉक्टरनं."

ह्या बाईशी बोलण्यात अर्थ नाही. पण खरं भ्यायचं तेच आहे. सही मिळेल, न मिळेल. पुस्तकाशिवाय मी पस्तीस वर्षं जगलो, आणखी जगेन. पण भावाच्या घरी, भाऊ समोर असताना, परक्यासारखं ताटावाचून बसायचं? चाळीस माणसांसमोर? आणि मांडणी मीच वेगळी केली, म्हणून तक्रार करायला तोंडही नाही.

जातो. पेन्सिली, शाई, ब्रश घेतलेत. का घेतलेत विचारू नये.


२ ऑगस्ट, शनिवार, धुळे

जमेल तसं लिहितो.

एरंडोल, पारोळा करत बस साडेअकराला पोचली. देवपुरातल्या घराच्या ओट्यावर अभिमन खुर्चीत बसला होता. केस सगळे गेले. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तो कुणी तरी ठेवून दिल्यासारखा. मला बघून त्यानं "हां" केलं. तेवढाच आवाज त्याला निघतो. मी काय बोललो? "बस वेळेवर होती," म्हणालो. पस्तीस वर्षांनी हे! पुष्पानं कपाळावर हात मारून घेतला.

जेवण झाल्यावर अभिमननं बायकोला, सरिताला, खूण केली. तिनं गोदरेजच्या कपाटातून एक फाइल काढून माझ्या हातात दिली. वरती तेच जुनं देखणं अक्षर. 'सिकंदर, भाग बारा. उन्हाळी अंक १९९०.' संकलन निघण्याआधीच लिहून ठेवलेला. मला पाठवायचाच राहिला.

ओट्यावरच बसून वाचला. सिकंदर एकोणीस ग्रह जिंकून दमलाय. आता विसावा ग्रह नाहीच. यानातलं इंधन संपतं आणि तो पुन्हा त्याच केळीच्या बागेजवळ उतरतो. पोटात भूक. समोर घर, घरात कानबाई. दारात तीच म्हातारी.

'तू कोना शे रे?'

'मी सिकंदर. एकोणीस ग्रह जिंकेल शे.'

'ते ऱ्हाऊ दे. कोन्ता घरना शे तू?'

ह्या फुग्यापुढे सिकंदराचा फुगा आहे आणि तो रिकामा आहे. पुढच्या चौकटीत म्हातारी सूप घेऊन गहू मापायला बसते. मग, 'शेवटची चौकट: नाना'.

मी मनात म्हटलं, ह्याला शेवट एकच. सिकंदर उपाशी निघून जातो. भावकीबाहेरच्याला रोट नाही. नियम म्हणजे नियम. पाठमोरा काढायचा, शिरस्त्राण काखेत, बस. अभिमन माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हेच माझ्याकडून काढून घ्यायला त्यानं बोलावलंय. चूक माझी होती, काढणार होतो.

चार वाजता गहू मापायला बसले. मोठी परात, शेजारी सूप. मी उठून बाहेर जायला लागलो, कारण आता भावकीची नावं निघणार. पुष्पा म्हणाली, "बसा." असं म्हणाली की मी बसलो.

पूर्वी बाबा मापायचे, आता कर्ता अभिमन. त्यानं डावा हात परातीत घातला, मूठ भरली आणि सुपात सोडली. सरितानं त्यावर पाव मूठ टाकली. नाव घेतलं.

"नवल."

मग अभिमनची. मग त्याच्या मुलाची, तेजसची. मग तेजसच्या मुलाची. माझ्या कानात काही शिरेना. चार झाल्यावर मी कसाबसा म्हणालो, "मी आज आलो म्हणून माझी धरलीत, बरं केलं. एवढं करायची गरज नव्हती."

सरिता माझ्याकडे बघतच राहिली. "आज? दरसाल पयली मूठ तुमनीच शे, नाना. पस्तीस वरीस व्हयी गयात."

"अगं, पण मी तर वेगळी मांडली..."

"मांडी व्हयी. पन तुम्ही कव्हय उचली तुमनी मूठ?"

हरे राम! तेव्हा कुठे मला आठवलं. आमच्या घरात वेगळं व्हायचं तर एक रीत आहे. ज्याला जायचं त्यानं भावकीसमोर बसून सुपातली आपली मूठ आपल्या हातानं उचलून न्यायची. लहानपणी चुलत्यांना नेताना मी पाहिलंय, घरातल्या बाया रडत होत्या. मी ते केलंच नव्हतं. रागात जळगावला बसून राहिलो, कानबाई मांडली आणि मला वाटलं, तोडली. मूठ इथंच. ती दुसरं कोणी उचलू शकत नाही, अभिमनही नाही. आणि त्याला उचलायचीही नव्हती.

मी पुष्पाकडे बघितलं. ती गव्हातले खडे निवडत होती.

"दरवर्षी त्या मंगळवारी तू इथं..."

"बहिणीकडे पण जायचे. आधी इकडे."

"आणि तुझ्या हातची बरकत?"

"माझ्या हाताला कसली बरकत? सव्वा मूठ गहू काय पुनवेपर्यंत पुरतात? चित्रकलेचे मास्तर ना तुम्ही? डोळे होते ना?"

मी रडलो. सुनेसमोर, नातवासमोर, लहान पोरासारखा रडलो. पस्तीस वर्षं मी त्याच्या घरचं अन्न खाल्लं आणि वर गूळ जास्त म्हणून नावं ठेवली. अभिमननं डावा हात पुढं केला. तळव्याला गव्हाची धूळ लागलेली होती. मी तो धरला आणि म्हणालो, "मुखपृष्ठ मी केलं होतं, अभिमन. तुझं नाव मी पुसलं."

त्यानं मान हलवली. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी वाकडी अक्षरं त्याच्याशिवाय आणखी कोण ओळखणार?


३ ऑगस्ट, रविवार, धुळे

सकाळी कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, नवी साडी. डोळे मी काढले, सरितानं हट्ट धरला म्हणून. दुपारी पंगत झाली. मला पहिल्या पाटावर बसवलं. मी जेवलो. एवढंच लिहितो.

जेवण झाल्यावर बारावा भाग काढायला घेतला. आधीच्या चौकटी नुसत्या पेन्सिलीनं मांडल्या, पण शेवटची पुरी केली. सिकंदर निघून जात नाही. दाराबाहेर चपलांच्या रांगेत त्याचं शिरस्त्राण पडलंय. आत सुपावर एक हात आहे, डावा, शिरा वर आलेला, मूठ उघडत असलेला. गहू सुटताहेत. सिकंदराचा चेहरा काढला नाही. आता त्या चेहऱ्याचं काही काम नव्हतं.

अभिमननं बराच वेळ बघितलं. मग बोटानं पेन मागितलं.

मी म्हणालो, "अरे, शेवटची चौकट बिनशब्दांची असते."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गुमान पेन दिलं. आणि तेव्हा मी जे विचारायचं ते विचारलं. "तुला शेवट सुचायचे नाहीत ना? म्हणून मला सोडायचास?"

त्याला हसू आलं. अर्धाच ओठ हलतो, पण हसू पुरं होतं. सरिता भांडी उचलता उचलता म्हणाली, "सुचेत नही कसे? दर टायमाले दोन-दोन शेवट लिखी ठेवेत. मंग फाडी टाकेत. म्हनेत, नानाले बी काही ऱ्हाऊ द्या."

अकरा शेवट. माझेच म्हणून मिरवलेले.

अभिमननं दाराशी एक फुगा काढला, लंबगोल कसला, बटाटाच. त्यात दोन शब्द लिहायला पाऊण तास लागला. मी कागद दाबून धरला होता. 'बस, जेव.' 'ज' उलटा पडला. तसाच छापायचा.

मग त्यानं संमतीपत्रावर सही केली. मयुरीला फोन लावून सांगितलं, बारा भाग घे, अकरा नाही. राहिलेल्या चौकटी काढायला पुण्याहून चांगला कागद पाठव. मुखपृष्ठावर लिही, कथा आणि अक्षरं अभिमन बोरसे, चित्रं नवल बोरसे. 'कथासहाय्य' हा शब्द कुठे दिसला तर खोडून टाक.

"आणि सर, मुखपृष्ठावरची अक्षरं कोण काढणार?"

"ज्याची आहेत तो. वेळ लागेल, थांब."


५ ऑगस्ट, मंगळवार, जळगाव

काल पांझरा नदीवर कानबाई बोळवली. आज दुपारच्या बसनं आलो. येताना सरितानं स्टीलचा मोठा डबा दिला. तो मी मांडीवर घेऊन आलो, पुष्पाच्या हाती दिला नाही. एरंडोलला शेजारच्या प्रवाशानं विचारलं, काय हो, एवढं जपून काय नेताय? माझे रोट, म्हटलं. भावाकडचे.

आता जेवलो. शिळा रोट, वर तूप.

गूळ जास्तच आहे. सरिताला फोन करून सांगितलं, पुढच्या वर्षीही एवढाच घाल.